दोन ओळी वर सरकलेलं कुलूप

१

गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यातली डायलिसिसची पाचही यंत्रं एकदम थांबली. पडदे काळे झाले आणि प्रत्येकावर खंडणीची तीच इंग्रजी धमकी उमटली. वॉर्डात पाच रुग्ण होते आणि नर्स दोनच.

डायलिसिसचं यंत्र मध्येच थांबलं की माणसाचं रक्त नळीत अडकून राहतं. ते गोठायच्या आत यंत्राच्या बाजूची दांडी हाताने फिरवून परत अंगात घालावं लागतं. दोघी नर्स धावत सुटल्या. चौघांचं रक्त परत गेलं. पाचवा रुग्ण होता आर्णीचा देवीलाल आडे, एस.टी.चा निवृत्त ड्रायव्हर. त्याच्यापर्यंत पोचायला उशीर झाला.

त्याच वेळी आणखी तेवीस दवाखान्यांत हेच घडलं. त्या सगळ्या यंत्रांच्या आत एकच ऑपरेटिंग सिस्टिम चालत होती. तिचं नाव 'पळस'. ती यवतमाळातच, वाघापूरच्या एका दुमजली घरात चार माणसं मिळून तयार करत आणि सांभाळत.

वर्षा राठोड त्या चौघांपैकी एक. एकोणतीस वर्षांची, फुलसावंगीजवळच्या तांड्यातली. बातमी कळली तेव्हा तिचा पहिला विचार होता, हे शक्यच नाही. हल्लेखोर ज्या फटीतून आत शिरले, ती फट तिनेच शोधली होती आणि मंगळवारी तिनेच बुजवली होती. बुजवलेली आवृत्ती सगळ्या दवाखान्यांत पोचलीही होती.

तिने मंगळवारचा कोड उघडला. कुलूप लावायची ओळ जागेवर होती. कुलूप उघडायची ओळ मात्र तिने लिहिली होती तिथे नव्हती. ती दोन ओळी वर सरकली होती. तेवढ्याने सगळी दुरुस्ती फुकट गेली होती.

बाजूला नोंद होती. बदल करणारी व्यक्ती, वर्षा राठोड. मंगळवार, दुपारी तीन पंचवीस.

मंगळवारी अंगारकी होती. तीन पंचवीसला वर्षा आपल्या याडीबरोबर, म्हणजे आई नंदाबाईंबरोबर, कळंबला चिंतामणीच्या दर्शनाच्या रांगेत उभी होती.

२

सायबर ठाण्याची उपनिरीक्षक समीक्षा गावंडे मुकुटबनच्या शेतकरी घरातली. न कळलेली गोष्ट कळल्यासारखी दाखवायची नाही, ही तिची सवय. त्याच दुपारी ती वाघापूरच्या घरात वर्षासमोर बसली आणि वही उघडून म्हणाली, "हे कर्नल कर्नल म्हनून राह्यले सगळे. मले तर फौजेतलेच कर्नल माहीत हायेत."

वर्षाला हसू आलं नाही. "कर्नल म्हनजे सिस्टिमचा गाभा, मॅडम. यंत्रातल्या कोनत्याबी प्रोग्रामले काई कराचं असलं, फाईल उघडाची असो का पंप चालवाचा असो, आधी त्याले विचारा लागते. तो पाहते, याले परवानगी हाये का, अन् मंग करू देते."

"अन् फट कुठं होती?"

"पाहनं अन् करू देनं याच्या मधात. तुमी एस.टी.त खिडकीतून पाह्यलं, सीट रिकामी. दारातून चढून येईस्तोवर तिथं दुसराच बसला. तसंच. कर्नलनं तपासलं तवा फाईल साधी होती. उघडेस्तोवर चोरानं तिथं दुसरी ठेवली. एका सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यात. चोर हजार वेळा प्रयत्न करते, एकदा जमलं तरी सारं यंत्र त्याचं."

"मंग तुमी काय केलं?"

"कुलूप टाकलं. पाह्याच्या आधी बंद कराचं, काम झाल्यावर उघडाचं. मधात कोनी घुसू शकत नाई. आता कोनीतरी उघडाची ओळ वर सरकवली. म्हनजे पाह्यलं, कुलूप उघडलं, अन् मंग फाईल वापरली. फट जशीच्या तशी. उलट पह्यलेपेक्षा वाईट. कारन दुरुस्तीसंगं मी लिवलेलं पत्र गेलं होतं, की फट नेमकी कुठं होती. चोराईले आमीच पत्ता देला."

समीक्षाने लिहून घेतलं. "ही दुरुस्ती आधी कोनाले माहीत होती?"

"फट सापडली हे चौघाईलेबी माहीत होतं. दुरुस्ती फकत सरांनी पाह्यली. रविवारी मी वही घेऊन त्यांच्या घरी गेलती."

सर म्हणजे बापूजी वानखडे. पॉलिटेक्निकमध्ये तीस वर्षं शिकवलेले, 'पळस'चे जनक. बारावीनंतर वर्षाचं लग्न ठरत होतं तेव्हा हाच माणूस स्कूटरवर तांड्यात आला होता आणि तिला शिकू द्या म्हणत तिच्या बापासमोर बाजेवर बसून चार तास उठला नव्हता.

"सरांनी वही वाचली," वर्षा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा जरा मऊ झाला. "म्हने, चांगलं केलं पोरी. वहीत मी फाईल वापरनं अन् कुलूप उघडनं एकाच ओळीत लिवलं होतं. सर म्हने, उघडाची ओळ येगळी लिही, वाचनाऱ्याले समजली पाह्यजे. अन् मंगळवारपर्यंत कंप्युटरवर काई टाकू नको, कोठून काय फुटंन सांगता येत नाई. म्हनून मी मंगळवारी सकाळीच टाईप केलं, अन् साडेबाराले कळंबले निघाली."

"तुमच्या कंप्युटरचा पासवर्ड कोनाले माहीत हाये?"

बाहेर कापसाची गाडी वळण घेत होती, तिचा हॉर्न बराच वेळ वाजला.

"इंद्रजीतले," ती शेवटी म्हणाली.

३

सुरभी ढोले चौघांत सगळ्यात लहान. दुरुस्ती तपासून पाहायचं काम तिचं.

"मी तपासणी लावली दोन वाजता," ती म्हणाली. डोळे रडून सुजले होते. "तीन पंचविसाले संपली, हिरवं निशान आलं. म्हंजे तवालोक कुलूप बरोबर जागेवर होतं मॅडम, नाईतर लाल आलं असतं. मंग मी इंद्रजीतदादाले सांगतलं की झालं."

"वर्षाच्या खुर्चीत कोन होतं तवा?"

"कोनीच नाई. मधात काच हाये, मले तिची खुर्ची दिसते. रिकामी होती."

इंद्रजीत जाधव वर्षाच्या शेजारच्या तांड्यातला, तिच्याबरोबर शिकलेला, तिच्याबरोबर 'पळस'मध्ये आलेला. तपासलेली आवृत्ती बांधून दवाखान्यांना पाठवायचं काम त्याचं. ते त्याने चार दहाला केलं होतं.

"वर्षाच्या खुर्चीवर कोन बसलं होतं?" समीक्षाने विचारलं.

"कोनीच नाई. मी दोन वाजेपासून तिच्या बाजूलेच बसून होतो."

"तुमाले समजते ना, असं सांगून तुमी सोताच अडकून राह्यले?"

"समजते. पन नाई बसलं कोनी, तर कोनाचं नाव सांगू?"

"वर्षाची वही पाह्यली होती?"

तो म्हणाला, "हाव. सोमवारी टेबलावर पडून होती. पाह्यली. चांगलं काम केलं होतं तिनं."

"तिच्यासंगं बोलनं बंद हाये म्हने महिनाभरापासून."

"सरांनी म्हनलं, आपल्यामागं वर्षाच हे सगळं पाहीन. मले वाईट वाटलं. मानूस हाव मी. वाईट वाटलं म्हनून मी दवाखाने बंद पाडीन का?"

समीक्षा पुन्हा वर्षाकडे आली आणि उभ्यानेच एकच प्रश्न विचारला. "इंद्रजीत करू शकते?"

वर्षाला 'नाही' म्हणायचं होतं. पण पासवर्ड त्याला माहीत होता, वही त्याने चाळली होती, खुर्चीच्या शेजारी तोच होता. सुरभीला कोड लिहिता येत नव्हता. सगळ्या कंप्युटरच्या चाव्या, म्हणजे मुख्य पासवर्ड, सरांजवळ असत, पण सर त्या वेळी दारव्ह्याच्या कॉलेजात व्याख्यान देत होते.

"दुसरं कोन करू शकते, मॅडम?" ती म्हणाली.

दार अर्धं उघडं होतं आणि दारात इंद्रजीत उभा होता. त्याने ते ऐकलं. तो स्वतःच पोलिसांच्या गाडीत जाऊन बसला.

४

शुक्रवारी सकाळी समीक्षा बापूजींच्या घरी गेली. घर आर्णी रोडला, अंगणात जास्वंद. त्यांच्या पत्नी वच्छलाबाईंनी चहा आणून ठेवला आणि दाराशी थांबून विचारलं, "इंद्रजीत जेवला का वो काल? त्याले तिखट चालत नाई."

"तुमी आत जा वो," बापूजी हळूच म्हणाले. सत्तरीचा, ताठ बसणारा माणूस. पायजम्याला घडी होती.

मंगळवारी तीन ते चार ते दारव्ह्याला होते. साठ मुलं आणि दोन प्राध्यापक साक्षीला. ते तिने आधीच पडताळलं होतं.

"तुमाले काय वाटते, सर?"

"इंद्रजीतनं केलं असं मले वाटत नाई," ते म्हणाले. "माया अंदाज घ्यान तर वर्षाचीच चूक झाली. घरून, नाईतर फोनवरून कुठूनतरी शेवटचा हात फिरवला असन. पोरगी हुशार हाये, पन घाई करते. चूक होते मानसाची. मी तिले सांभाळून घेईन."

"ती रांगेत होती सर. फोन चप्पलच्या स्टॅंडवर पिशवीत जमा होता."

"मंग मले सांगता येत नाई."

"रविवारी तिनं दुरुस्ती दाखवली तुमाले. तुमी कोनाजवळ बोलले?"

बापूजींच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडा राग दिसला. "बाई, पंधरा वर्सं झाली हे काम करून. दुरुस्ती बाहेर पडेस्तोवर त्याबद्दल बोलाचं नसते. मी चकार शब्द बोललो नाई. ना इंद्रजीतजवळ, ना सुरभीजवळ. बायकोलेबी मालूम नाई."

समीक्षाने ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. तेव्हा तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. चांगल्या माणसाचं चांगलं उत्तर, एवढंच.

फाटकापाशी आली तेव्हा तिचा फोन वाजला. वर्षा होती.

"मॅडम, लवकर या. सुरभीची तपासनी कवा संपली याची सेकंदासकट नोंद सापडली."

५

दोन्ही नोंदी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. तपासणी संपली तीन पंचवीस आणि सात सेकंदांना. कुलुपाची ओळ सरकली तीन पंचवीस आणि आठ सेकंदांना.

"एक सेकंद," समीक्षा म्हणाली.

"हाव."

"तपासनी संपल्याचं सुरभीच्या पडद्यावर दिसते, या खोलीत नाई. मानसानं तिथं पाहून, इथं येऊन, ओळ हुडकून ती सरकवाची म्हनली तर किती वेळ लागंन?"

"इंद्रजीतसारखा मानूस असला तरी अर्धा मिनिट."

"म्हनजे खुर्ची रिकामी होती हे दोघं खरंच सांगून राह्यले." समीक्षा त्या रिकाम्या खुर्चीत बसली. "मानसानं केलंच नाई हे. कोनीतरी आधीच सापळा लावून गेलं. तपासनी संपली रे संपली, की ओळ सरकव. बरोबर?"

वर्षाने मान हलवली. असा प्रोग्राम काम झाल्यावर स्वतःला पुसून टाकतो, पण पुसलेल्याच्याही खुणा राहतात. ती तीन तास शोधत बसली. समीक्षा चहा न घेता बाजूला बसून राहिली. दुपारी दोनच्या सुमाराला तो सापडला. आठ ओळींचा होता. वर्षाच्याच कंप्युटरवर, सोमवारी सकाळी दहा चाळीसला ठेवलेला.

"सोमवारी कोन कोन होतं इथं?"

"चौघंबी."

"मंग दारव्ह्याचा काई उपेग नाई. चौघंबी परत आपल्या वहीत आले." समीक्षा उठून खिडकीशी गेली. "इंद्रजीतबी. सोमवारी त्यानं वही पाह्यली, अन् सोमवारीच सापळा लागला. वर्षा, त्या आठ ओळीत काय लिवलं हाये ते मले सोप्या बोलीत सांग."

वर्षा मोठ्याने वाचू लागली. "तपासनी संपेपर्यंत थांब. संपली की दुरुस्तीची फाईल उघड. तिच्यात अशी ओळ शोध, जिच्यात कुलूप उघडन्याशिवाय दुसरं काईच नाई..."

ती थांबली.

"अन् मंग?" समीक्षा म्हणाली.

वर्षा ती ओळ पुन्हा वाचत होती. मग तिने खण उघडून आपली वही काढली, पान उलटलं, आणि त्यावर हात ठेवून तशीच बसून राहिली. समीक्षाने बरेच अपराधी पाहिले होते आणि बरेच फिर्यादीही. कोणी सांगायच्या आधीच बातमी कळलेल्या माणसाचा चेहरा तिला ओळखू येत असे.

"कोन?" तिने विचारलं.

"मॅडम," वर्षा म्हणाली, "इंद्रजीतले आत्ता सोडा. आत्ता."

६

देवीलाल आडे शनिवारी सकाळी गेला. दुपारी समीक्षा आणि वर्षा बापूजींच्या बैठकीत बसल्या होत्या.

"सर," समीक्षा म्हणाली, "दोन गोष्टी मले समजल्या. तुमी मास्तर हा, चूक असली तर सांगा. सोमवारी दहा चाळीसले कोनीतरी वर्षाच्या कंप्युटरवर सापळा ठेवला. तवा दुरुस्ती कोनत्याच कंप्युटरवर नव्हती. फकत वहीत होती. मंग सापळा लावनाऱ्याले काय शोधाचं हे कसं समजलं?"

"वही टेबलावर पडून होती म्हने," बापूजी म्हणाले.

"हाव. इंद्रजीतनं पाह्यलीबी. पन वहीत काय हाये?" तिने वही उघडून पुढे केली. "वापरनं अन् उघडनं एकाच ओळीत. ही वही पाहून ज्यानं सापळा लावला असता, त्यानं ही जोडओळ शोधली असती. सापळ्यात मात्र येगळी ओळ शोधाचं लिवलं हाये, जिच्यात उघडन्याशिवाय काईच नाई. वर्षा मंगळवारी ती ओळ येगळी लिवनार, हे सोमवारीच ज्याले माहीत होतं, त्यानं सापळा लावला. हे वहीत नव्हतं. हे फकत बोललं गेलं होतं. रविवारी, याच खोलीत."

आतल्या खोलीत भांड्याचा आवाज थांबला.

"तुमी दुसऱ्या कोनाजवळ बोलले असते तर मी त्याच्याकडं गेली असती. पन तुमीच सांगतलं, चकार शब्द बोललो नाई."

बापूजी नाकारतील असं समीक्षाला वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला.

"ती फट मले आठ वर्सांपासून माहीत होती," ते म्हणाले.

वर्षाने एकदम वर पाहिलं.

"मीच लिवलेला कोड होता तो. माई चूक. सापडली तवा बुजवनारच होतो. तवाच एक मानूस आला, त्यालेबी ती सापडली होती. कंपनीचं नाव नाई सांगतलं त्यानं. म्हने, काई करू नका, फकत बुजवू नका, पैसे देऊ. आमाले कवामवा आत पाह्याचं असते, कोनाले तरास देनार नाई. 'पळस' तवा बंद पडाच्या मार्गावर होतं. तुमी दोघं नुकतेच पास झालते. तुमाले ठेवाले माह्याजवळ काई नव्हतं."

"म्हनजे माया टेबल," वर्षा म्हणाली. "माया पगार. इंद्रजीतचा, सुरभीचा."

"आठ वर्सं कोनाले काई झालं नाई, पोरी."

"आज सकाळी देवीलाल आडे मेला."

"मले फट जशी होती तशीच ठेवाची होती. तू पत्रात तिचा पत्ता लिवून जगाले धाडशील, हे मले मालूम नव्हतं."

"दुरुस्तीसंगं पत्र धाडाचंच असते. तुमीच शिकवलं."

वर्षाने हात मांडीखाली दाबून धरले.

"माया नावानं काहून केलं, सर? सगळ्या कंप्युटरच्या चाव्या तुमच्याजवळ होत्या. कोनाच्याबी नावानं करता आलं असतं. माह्याच काहून?"

"तुले काई झालं नसतं," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. वर्गात अवघड उदाहरण सोडवताना त्यांचा हाच सूर असे. "कोनाले दिसलंच असतं, तर दोन ओळी इकडच्या तिकडं झाल्या, नजरचूक, इतकंच म्हनले असते. मी चार लोकांत उभा राहून सांगतलं असतं, लेकरू हाये, चुकलं. मी तुले माफ केलं असतं."

तांड्यात बाजेवर चार तास बसून राहिलेला माणूस हाच होता आणि हे बोलणाराही हाच होता. यातला एक खोटा ठरला असता तर बरं झालं असतं. दोन्ही खरे होते.

वच्छलाबाई दारात आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. हातातली किल्ली समीक्षासमोर ठेवली. "लोखंडी कपाट," त्या म्हणाल्या. "त्या मानसाचे कागद तिथं हायेत. मले वाटे, जमिनीचे असतीन." मग वर्षाजवळ येऊन त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, आणि तो तसाच खाली घेतला.

७

सोमवारी वाघापूरच्या घरात दोघंच होती. सुरभीच्या वडिलांनी तिला घरी नेलं होतं. यंत्रं पुसून नव्याने चढवायची सिस्टिम, नव्या दुरुस्तीसकट, वर्षाने रविवारीच तयार ठेवली होती, पण आपण लिहिलेलं आपणच तपासून पाठवायचं नसतं. तिने इंद्रजीतला फोन केला नाही. एक ओळीचा निरोप पाठवला, दवाखाने थांबलेत, तपासणारं कोणी नाही. तो अकरा वाजता आला.

तो तिच्या शेजारी बसला नाही. सुरभीच्या टेबलावर बसून त्याने प्रत्येक ओळ वाचली. तपासणी लावली. ती संपायला दीड तास लागणार होता. शुक्रवारी पोलिसांच्या गाडीतून उतरताना त्याला त्याच्या तांड्यातल्या माणसांनी बघितलं होतं. ज्या काळी आख्ख्या जमातीलाच चोर ठरवत, त्या काळात त्याच्या आजाला दर आठवड्याला ठाण्यात हजेरी द्यावी लागे. हे वर्षाला माहीत होतं. तिच्याही आजाला लागे.

"पत्र दाखव," तो तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला.

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. पत्रात फटीचं सगळं वर्णन होतं. खाली दरवेळी असतो तसा एक रकाना होता, फट कोणी शोधली. तिथे तिने लिहिलं होतं, 'आठ वर्षांपूर्वी बापूजी वानखडे यांनी शोधली आणि लपवली. या महिन्यात वर्षा राठोड यांनी पुन्हा शोधली.'

"हे गेल्यावर 'पळस' राहनार नाई," इंद्रजीत म्हणाला. "कोनी वापरनार नाई आपली सिस्टिम."

"हाव."

"तरी धाडते?"

"मंग काय लपवू?"

तो सुरभीच्या टेबलाशी परत गेला. पडद्यावर हिरवं निशाण आलं. त्याने सेकंदांची नोंद पाहिली, तपासलेली प्रत आणि पाठवायची प्रत ओळीला ओळ लावून पाहिली, मग पुन्हा एकदा पाहिली.

"बरोबर हाये," तो म्हणाला आणि उठला.

"इंद्रजीत." वर्षाही उठली. "त्या दिवशी मी मॅडमले जे बोलली..."

"नको." तो दाराशी थांबला, पण वळला नाही. "माफी मांगू नको, वर्षा. तू मांगशीन, अन् लहानपनापासून सवय हाये, मी देऊन टाकीन. मले ती एवढ्यात द्याची नाई."

"बरं," ती म्हणाली.

जिन्यावरची त्याची पावलं खाली गेली, मग फाटक वाजलं. वर्षा खुर्चीत बसली. 'तपासणारी व्यक्ती' या रकान्यात तिने त्याचं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, आणि दुरुस्ती व पत्र पाठवून दिलं. अर्ध्या तासाने पहिल्या दवाखान्याचं उत्तर आलं. यंत्रं चालू झाली होती. तिने ते वाचलं आणि पुढच्या उत्तराची वाट पाहत बसली.